ऑफिसात सगळे क्रिप्टोत पैसे टाकून राहिले. स्वतःला आवर कसा घालायचा, आकड्यांत सांगा

मिहानकर:
नमस्कार मंडळी. नागपूरला मिहानमध्ये नोकरी आहे. हातात ६२,००० येतात. घरभाडं, किराणा, गाडीचा हप्ता धरून महिन्याचा खर्च ३८,०००. बँकेत ४ लाखांची एफडी आहे, बाकी बचत नाही.

ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सध्या हाच एक विषय. कोणी एफडी मोडून राहिलं, कोणी घरातलं सोनं गहाण ठेवून राहिलं. मला एकदम नाही म्हणायचं नाही, पण वाहवतही जायचं नाही. "जपून करा" एवढं सगळेच सांगतात, त्याने हात थांबत नाही. किती टाकायचे, कोणत्या टप्प्यांनी, लोक नेमके कुठे फसतात, हे सांगा. तीन लाखांच्या गोल्ड लोनचा हिशेब बसतो का, तेही सांगा. शिवाय वर्धा रोडवरच्या एका हॉटेलात सेमिनार आहे. एका कॉइनमध्ये महिन्याला ८ टक्के पक्के, असं बोलावणाऱ्याचं म्हणणं आहे. जावं का?

इतवारी_खातेवही:
भाऊ, आधी गोल्ड लोनचं, कारण त्यात चूक झाली तर बाकीचं सगळं व्यर्थ.

३ लाख, व्याज १० टक्के धरू. वर्षाचं व्याज ३०,०००. समजा कॉइन वर्षात २० टक्के वाढला आणि तुम्ही विकला. नफा ६०,०००. त्यावर ३० टक्के कर आणि वर ४ टक्के सेस, म्हणजे ३१.२ टक्के: १८,७२०. उरले ४१,२८०. त्यातून व्याजाचे ३०,००० गेले. हातात ११,२८०. आणि २० टक्के पडला तर? ६०,००० बुडाले, ३०,००० व्याज भरायचंच आहे, एकूण खड्डा ९०,०००. वर गेलं तर अकरा हजार, तेवढंच खाली गेलं तर नव्वद हजार. नुसतं व्याज भरून निघायलाही कॉइन साडेचौदा टक्के वाढावा लागतो, कारण कर मोजताना कर्जाचं व्याज वजा करता येत नाही. पर्सनल लोनचा दर याहून जास्त, तिथे गणित आणखी वाईट. उधारीच्या पैशाने हे करूच नये.

आता किती टाकायचे ते. महिन्याचा खर्च ३८,०००, सहा महिन्यांचे झाले २,२८,०००. एफडीतली एवढी रक्कम तुमची नोकरी गेली तर लागणार आहे. ती मोडायची नाही. उरलेल्या १,७२,००० लाही हात लावू नका, त्यातून आधी घरच्यांचा आरोग्य विमा आणि स्वतःचा टर्म प्लॅन होऊ द्या. क्रिप्टोसाठी फक्त दर महिन्याच्या शिलकीतून घ्या. शिल्लक २४,०००. तिचा सहावा हिस्सा ४,०००. वर्षात ४८,०००. त्याच्या वर एक रुपया नाही.

४,००० काऊन? कारण मोजमाप "किती मिळतील" यावरून घ्यायचं नाही, पडल्यावर काय उरेल यावरून घ्यायचं. डिसेंबर २०१७ मध्ये बिटकॉइन २०,००० डॉलरच्या जवळ होता, वर्षभरात ३,२०० च्या आसपास आला. नोव्हेंबर २०२१ मध्ये ६९,००० च्या घरात, वर्षभराने १६,००० च्या खाली. म्हणजे ७५ ते ८५ टक्क्यांची पडझड हा अपवाद नाही, दोनदा झालेली गोष्ट आहे, आणि तीही सगळ्यात मोठ्या कॉइनमध्ये. ४८,००० चे ८० टक्के गेले तर ३८,४०० गेले. तुमच्या एका महिन्याच्या खर्चाएवढा फटका. दुखेल, पण घर चालेल. हाच फटका ४ लाखांवर बसला तर ३,२०,००० जातात, आणि ८० टक्के पडलेला कॉइन पूर्वपदावर यायला पाचपट व्हावा लागतो.

पाळायची पद्धत अशी. पगाराच्या खात्यातून थेट ॲपमध्ये पैसे पाठवायचे नाहीत. दुसऱ्या बँकेत एक साधं बचत खातं उघडा, ५ तारखेला त्यात ४,००० आपोआप वळते होतील अशी सूचना लावा, आणि एक्स्चेंजला (जिथे कॉइन घेता-विकता येतात ते ॲप) फक्त तेच खातं जोडा. त्या खात्यात कधीच ४,००० पेक्षा जास्त नसतात, त्यामुळे रात्री अकरा वाजता ग्रुपवर कोणी स्क्रीनशॉट टाकला तरी टाकायला पैसेच नसतात. मनावर भरवसा ठेवण्यापेक्षा हे कितीतरी पक्कं काम आहे. खरेदी फक्त त्या एका तारखेला. भाव वर असो की खाली, मधल्या दिवसांत नाही.

नेहमीच्या ठरवलेल्या कॉइनशिवाय दुसरा कुठलाही घ्यायचा असेल तर आधी वहीत चार ओळी लिहा: काय घेतो, काऊन घेतो, कितीचं, आणि कोणत्या भावाला विकणार (वरचा आणि खालचा, दोन्ही). मग तीन रात्री थांबा. चौथ्या दिवशी तेच कारण वाचून पटलं तर घ्या. बहुतेक वेळा कारणाच्या जागी "सगळे घेऊन राहिले" एवढंच लिहिलेलं सापडतं.

दुप्पट झालं की मुद्दल बाहेर काढा आणि उरलेलं राहू द्या, हाही नियम आजच लिहून ठेवा.

धरमपेठ_करसल्ला:
वरचा हिशेब बरोबर आहे, फक्त शेवटच्या ओळीत कर राहिला. ४८,००० चे ९६,००० झाले आणि तुम्ही ४८,००० चे कॉइन विकले, तर त्यांची खरेदी किंमत २४,०००, नफा २४,०००, कर ७,४८८. खरं हातात आले ४०,५१२. मुद्दल पूर्ण निघायला सुमारे ५६,९०० चे कॉइन विकावे लागतात. लिहून ठेवायचं तर हा आकडा लिहा.

२०२२ च्या अर्थसंकल्पात हा कर आला. त्याची रचना समजून घेतली तर आवर घालायला खरंच मदत होते, कारण उत्साहात माणूस जे जे करतो, नेमकं तेच इथे महाग पडतं. तीन गोष्टी लक्षात ठेवा.

पहिली आणि सगळ्यात जास्त दुखणारी: तोटा नफ्यातून वजा होत नाही. एका कॉइनमध्ये १,००,००० नफा झाला, दुसऱ्यात ८०,००० तोटा. तुमच्या दृष्टीने कमाई २०,०००. कर मात्र पूर्ण लाखावर, ३१,२००. म्हणजे वर्ष "फायद्यात" जाऊन खिशातून ११,२०० गेले. हा तोटा पुढच्या वर्षीही ओढता येत नाही, पगारातूनही वजा होत नाही. ग्रुपवर दहा-दहा छोटे कॉइन घेऊन "एक तरी लागेल" म्हणणाऱ्यांना हे गणित ठाऊक नसतं. जो लागेल त्यावर पूर्ण कर, जे नऊ बुडतील ते पूर्ण तुमचे. शेअर बाजाराची सवय असलेल्यांचा इथे हमखास घोटाळा होतो.

दुसरी: एक कॉइन देऊन दुसरा घेतला, तरी पहिला विकला असंच धरतात. रुपये हातात आले नाहीत म्हणून कर नाही, हा गैरसमज आहे. बिटकॉइन देऊन दुसरं काही घेतलं, ते पडलं, तरी पहिल्याच्या नफ्यावरचा कर उभा राहतो. आणि कर भरायला रुपये हवेत, ते मग एफडीतून येतात. स्वतःच्याच एका वॉलेटमधून दुसऱ्यात हलवणं मात्र विक्री नाही.

तिसरी: १ जुलै २०२२ पासून विक्रीच्या रकमेवर १ टक्का टीडीएस, म्हणजे आधीच कापून घेतलेला कर. नफ्यावर नाही, पूर्ण रकमेवर. ५०,००० ची तीच रक्कम वीस वेळा फिरवली तर पहिल्यांदा ५००, मग थोडे थोडे कमी, असे सुमारे ९,१०० अडकले. रिटर्न भरल्यावर करात धरले जातात, जास्त असतील तर परत मिळतात, पण तोवर तुमचं फिरतं भांडवल जवळपास पाचव्या हिश्श्याने आटलेलं असतं. एक्स्चेंजची फी आणि त्या फीवरचा १८ टक्के जीएसटी वेगळा. खरेदी किमतीशिवाय कुठलाही खर्च नफ्यातून वजा होत नाही.

म्हणून दर खरेदी-विक्रीच्या दिवशी वहीत किंवा एक्सेलमध्ये नोंद करा: तारीख, कॉइन, नग, रुपयांतला भाव, फी, टीडीएस. रिटर्नमध्ये या व्यवहारांची वेगळी अनुसूची आहे, खरेदीची आणि विक्रीची तारीख, किंमत सगळं मागतात. नोकरदारांचा साधा आयटीआर-१ चालत नाही, २ किंवा ३ लागतो. दर तीन महिन्यांनी एक्स्चेंजचा अहवाल उतरवून ठेवा. एक्स्चेंज बंद पडलं तर तो मिळायची खात्री नाही. टीडीएसमुळे व्यवहार तुमच्या पॅनवर एआयएसमध्ये (आयकर खात्याकडचं तुमचं वार्षिक माहितीपत्रक) दिसतोच, त्यामुळे "कोणाला कळणार" हा विचार सोडा.

सक्करदरा_सायबर:
सेमिनारला जाऊ नका. कुतूहल म्हणूनसुद्धा नको. तिथे गेल्यावर तुमचा नंबर यादीत जातो आणि पुढचे कित्येक महिने फोन थांबत नाहीत.

महिन्याला ८ टक्के म्हणजे काय ते मांडून पाहा: चक्रवाढीने १ लाखाचे वर्षात अडीच लाख. ज्याला खरंच असं जमतं, त्याला तुमच्या एक लाखाची गरज काय? गेनबिटकॉइन योजनेत महिन्याला १० टक्के, १८ महिने, असं वचन होतं. सुरुवातीला मिळालं, मग बिटकॉइनऐवजी एमकॅप नावाचा स्वतःचाच टोकन लोकांच्या हातात टेकवला, ज्याला बाजारात किंमत नव्हती. प्रकरण शेवटी सीबीआयकडे गेलं. आपल्या नागपुरातही ईथर ट्रेड एशिया योजनेचं प्रकरण पोलिसांत गेलं आहे. जुनी माणसं भिशीत ओळखीचा माणूस पाहून पैसे टाकत. इथे ओळखीचा माणूस फक्त बोलावणारा असतो, पैसे ज्याच्याकडे जातात तो कधीच दिसत नाही.

अजून एक, जे सेमिनारात कोणी सांगणार नाही. तुम्ही खाली चार जण जोडलेत आणि कमिशन घेतलंत, तर तुम्ही नुसते फसलेले राहत नाही. २०१९ च्या अनियंत्रित ठेव योजना बंदी कायद्यात अशा योजनेचा प्रचार करणंही गुन्हा आहे. महाराष्ट्राचा १९९९ चा ठेवीदारांच्या हितरक्षणाचा एमपीआयडी कायदा आहे तो वेगळाच.

खोटं ॲप ओळखायचं कसं? "थोडे पैसे काढून पाहा, निघाले तर खरं" ही परीक्षा पुरेशी नाही. फसवणारे पहिले दोन-तीन हजार मुद्दाम काढू देतात, म्हणजे तुम्ही दोन लाख टाकाल. त्याऐवजी हे पाहा:

ॲप प्ले स्टोअरऐवजी टेलिग्रामवरून आलेल्या फाइलने बसवायला सांगतात का? पैसे दर वेळी वेगवेगळ्या व्यक्तीच्या यूपीआयवर किंवा चालू खात्यावर मागतात का? आणि पैसे काढताना "आधी ३० टक्के कर जमा करा, मग रक्कम सुटेल" म्हणतात का? हे तिसरं दिसलं की प्रश्नच संपला. खरं एक्स्चेंज १ टक्का टीडीएस विक्रीच्या रकमेतूनच कापतं. बाकीचा कर तुम्ही स्वतः आयकर पोर्टलवर भरता. पैसे सोडण्यासाठी आधी पैसे मागणारा कोणीही चोरच.

मार्च २०२३ पासून एक्स्चेंजना मनी लाँडरिंग कायद्याखाली एफआययू-इंडिया या केंद्राच्या यंत्रणेकडे नोंदणी करावी लागते. नोंदणी नसेल तर तिथे जाऊच नका. पण नोंदणी आहे म्हणजे पैसे सुरक्षित, असंही नाही. ती काळ्या पैशावर नजर ठेवण्यासाठी आहे. बँकेतल्या ठेवीला ५ लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसलं काही नाही. जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स या एक्स्चेंजवर सायबर हल्ला होऊन सुमारे २३ कोटी डॉलरचे कॉइन गेले, आणि ग्राहकांना स्वतःचे कॉइन काढायला वर्षाहून जास्त थांबावं लागलं.

संत्रानगरी_४४००१०:
माझं मत थोडं कडक आहे. वरचं सगळं पटतं, पण पहिले सहा महिने ४,००० सुद्धा नको. आरोग्य विमा आणि टर्म प्लॅन आधी, त्यांचे पहिले हप्ते भरले गेले की मग सुरुवात. ही लाट संपली तरी पुढची येते. कॉइन कुठे पळून जात नाही.

आणि फ्युचर्सकडे, म्हणजे उधारीवर लावलेल्या भावाच्या सौद्यांकडे, बघूसुद्धा नका. ॲप उघडलं की तेच आधी दाखवतात. १० पटीचा सौदा घेतला तर भाव १० टक्के उलट दिशेने हलला की मुद्दल साफ. प्रत्यक्षात त्याआधीच, कारण मार्जिनची (तुम्ही जमा ठेवलेल्या रकमेची) किमान पातळी तुटली की एक्स्चेंज सौदा आपोआप बंद करतं. ऑक्टोबर २०२५ मध्ये बिटकॉइन सव्वा लाख डॉलरच्या वर गेला, आणि त्याच महिन्याच्या १० तारखेच्या पडझडीत चोवीस तासांत १९ अब्ज डॉलरहून जास्त किमतीचे उधारीचे सौदे असे बंद झाले. त्यातल्या पुष्कळांचा अंदाज पुढे बरोबरही ठरला असेल, पण तोवर टिकायला पैसेच उरले नव्हते. ज्याच्याकडे उधारी नव्हती त्याचे नग जसेच्या तसे राहिले.

मिहानकर:
मनापासून आभार. वेगळं खातं उघडतो, सेमिनार रद्द, सोन्याला हात नाही. विम्याचं संत्रानगरी म्हणतात तसं आधी करतो. तीन शंका राहिल्या. एक, ऑफिसातले सांगून राहिले की पी२पी मध्ये विकलं तर भाव जास्त मिळतो. दोन, कॉइन एक्स्चेंजवर ठेवायचे की स्वतःच्या वॉलेटमध्ये? तीन, २० टक्के वार्षिक व्याज देणारा "स्टेबल" कॉइन सुरक्षित म्हणतात, तो?

सक्करदरा_सायबर:
पी२पी नको. तिथे समोरचा अनोळखी माणूस तुमच्या खात्यात रुपये टाकतो. ते रुपये कुठल्या फसवणुकीतले असले, तर दुसऱ्याच राज्यातल्या पोलिसांच्या सूचनेवरून तुमची बँक ती रक्कम किंवा पूर्ण खातं गोठवते. तुम्ही गुन्हा केलेला नसतो, पण सोडवायला त्या तपास अधिकाऱ्याशी पत्रव्यवहार, व्यवहाराचे पुरावे, फेऱ्या, सगळं येतं. पगाराचं खातं असेल तर घरभाडंही अडकलं. भावात दोन-तीन टक्के जास्त मिळतात ते याच जोखमीचे. एक्स्चेंजच्या ऑर्डर बुकवर (खरेदी-विक्रीच्या बोलींची यादी) विका आणि रुपये त्या वेगळ्या खात्यात घ्या.

इतवारी_खातेवही:
ऑर्डर बुकवरच, आणि लिमिट ऑर्डर लावून, म्हणजे भाव आपण ठरवून. झटपट खरेदीचं बटण दाबाल तर घेण्याचा आणि देण्याचा भाव यांत फरक असतो, इतवारीत दागिना घेताना आणि मोडताना असतो तसा. बटण दाबण्याआधी दोन्ही भाव एकाच मिनिटात पाहून वजाबाकी करा. मोठ्या कॉइनमध्ये फरक एका टक्क्याहून जास्त दिसला तर त्या दिवशी थांबा. तेजीच्या गर्दीत हा फरक वाढतो.

२० टक्क्यांच्या स्टेबल कॉइनचं उत्तर मे २०२२ मध्ये मिळालं आहे. टेरा यूएसडी हा एक डॉलरला बांधलेला म्हणत, अँकर नावाच्या सेवेत ठेवला की वर्षाला २० टक्क्यांच्या आसपास व्याज. त्याच्यामागे डॉलर नव्हते, लूना नावाचा दुसरा कॉइन होता. एक डॉलरची पातळी तुटली, लोक बाहेर पडायला धावले, आधार द्यायला लूना छापत गेले, आणि महिन्याच्या सुरुवातीला ८० डॉलरच्या आसपास असलेला लूना काही दिवसांत एका सेंटच्याही खाली गेला. व्याज कुठून येतं हे दोन वाक्यांत सांगता येत नसेल तर ते नव्या माणसाच्या मुद्दलातून येत असतं असं धरून चाला.

धरमपेठ_करसल्ला:
वॉलेटबद्दल. ४८,००० पर्यंतच्या रकमेसाठी काही हजारांचं हार्डवेअर वॉलेट (कॉइनच्या चाव्या ठेवायचं छोटं यंत्र) घेणं परवडत नाही. नोंदणी असलेल्या एक्स्चेंजवर ठेवा, पण ओटीपी एसएमएसवर न घेता ऑथेंटिकेटर ॲपवर घ्या. सिमची नक्कल काढून एसएमएस पळवता येतो. पैसे काढण्याच्या पत्त्यांची मंजूर यादी चालू करण्याची सोय असेल तर ती चालू करा.

पुढे रक्कम वाढली आणि स्वतःच्या वॉलेटवर गेलात, तर वॉलेट परत उघडण्याचे १२ किंवा २४ शब्द कागदावर, दोन प्रतींत, दोन ठिकाणी. फोटो नाही, व्हॉट्सॲपवर स्वतःला पाठवणं नाही. पाठवताना नेटवर्क तपासा: टीथर या डॉलरला बांधलेल्या कॉइनचा ट्रॉन नेटवर्कवरचा पत्ता इंग्रजी टी अक्षराने सुरू होतो, इथरियमवरचा शून्य-एक्सने. चुकीच्या नेटवर्कवर गेलेले कॉइन परत मिळवणं फार अवघड, पुष्कळदा अशक्य. आधी लहान रक्कम पाठवा, पोहोचली की उरलेली. आणि पत्ता जुन्या व्यवहारांच्या यादीतून उचलू नका. पहिली-शेवटची अक्षरं जुळवलेले खोटे पत्ते त्या यादीत मुद्दाम घुसवले जातात. मधली अक्षरंही वाचा.

सक्करदरा_सायबर:
हे जपून ठेवा आणि ऑफिसच्या ग्रुपवरही टाका. कोणाचे पैसे गेले असं कळलं की त्याच क्षणी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन. पहिल्या काही तासांत रक्कम अजून बँकेच्या खात्यात असते, ती थांबवता येते. एकदा तिचे कॉइन होऊन बाहेर गेले की फार कठीण. फोन करताना हाताशी हवं: यूटीआर (बँक व्यवहाराचा) क्रमांक, ज्या खात्यावर किंवा यूपीआयवर पाठवले तो तपशील, वेळ, रक्कम. कॉइन पाठवले असतील तर व्यवहाराचा हॅश (ओळख क्रमांक) आणि समोरचा पत्ता. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार आणि तिची प्रत घेऊन सायबर पोलीस ठाणं किंवा जवळचं कुठलंही ठाणं. चॅट डिलीट करू नका, ॲप काढून टाकू नका, आधी सगळ्याचे स्क्रीनशॉट. आणि नंतर "तुमचे बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी भरा" असा फोन येतोच. तीच टोळी किंवा तिच्याकडून यादी घेतलेली दुसरी असते. त्याला एक रुपयाही देऊ नका, तो नंबरही तक्रारीत जोडा.